दिवे घाटाच्या माथ्यावर

पुण्याहून हडपसर मागे टाकून सासवडच्या वाटेला लागले, की वडकीच्या पुढे दिवे घाट सुरू होतो. माउलींची पालखी पंढरीला निघते ती हाच घाट चढून. त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, यावरून चढाची कल्पना यावी. खाली मस्तानी तलाव, वर पुरंदरचे माळ. हिवाळ्यात खट्टा बहाराची अंजिरे घेऊन शेतकरी माथ्यावर बसतात आणि रविवारी पुण्याचे सायकलवाले तिथेच दम खातात.

परवा तिथे गंमत झाली. एका तरुणाने अंजीरवाल्या पाटलांची पाट्या लादलेली जुनी सायकल पाहिली अन् म्हणाला, "काका, हे धूड ओढता कसं?" पाटलांनी त्याची कार्बनची सायकल एका हाताने उचलली. "आन् हिला कॅरेज न्हाई! पोतं काय डोक्यावर घ्यायचं?"

दोघांचेही खरे होते. आपण लोखंडी म्हणतो ती सायकल पोलादी नळ्यांची. वजनाला भारी, पण खड्ड्यातला हिसका सोसणारी, अन् तडा गेलाच तर गावचा वेल्डर जोडून देतो. तिचा वैरी गंज. पावसाळा संपला की सीटची दांडी उपसून नळीतले पाणी काढावे, चार थेंब तेल सोडावे. एवढे केले तर ती मुलाच्याही कामी येते.

ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही तितकाच कमी, म्हणून त्याच्या नळ्या जाड घेतात. तरीही सांगाडा हलका होतो. गंजून झिजत नाही. मात्र मोडला तर गावच्या वेल्डिंगचे ते काम नव्हे. कार्बन म्हणजे बारीक धागे राळेत बसवलेले. अंबाडीच्या दोरासारखे, ओढीला पक्के. पण आडवा घाव बसला तर आतली इजा वरून दिसेलच असे नाही. त्यावर ओझे बांधू नये. पुण्यात तर बांबूच्या नळ्यांची सायकलही तयार झाली आहे.

"म्हंजे शर्यतीचा बैल अन् नांगराचा बैल," पाटील म्हणाले. मग थोडे थांबून, "आमचं पोरगं सासवडला कॉलेजात जातं. हलकी सायकल मागतंय. म्या म्हनलं, घरात ही असताना दुसरी कशाला?"

मी विचारले, "तो काय नेतो सायकलवरून?"

"काय न्हेतो? दप्तर अन् डबा."

"आणि रस्ता?"

"डांबरी. पर चढ हाय, सा किलोमीटर."

पुढे मी काही बोललो नाही. पाटलांनी त्या तरुणाला अर्धा किलो अंजिरे जोखून दिली, वर दोन जास्तीची टाकली, आणि त्याच्या सोबत्याच्या जाड नळ्यांच्या सायकलीकडे बोट करून हळूच विचारले, "ही ॲल्युमिनियमची कितीला पडती?"