हॅनाचा मुलगा आणि लिंकनचा खटला

चि. ओजस,



स्प्रिंगफिल्डला गेल्या गेल्या तू ‘यंग मिस्टर लिंकन’ पाहिलास, हे वाचून फार बरं वाटलं. त्यातला पंचांगासारखं आल्मनॅक काढून साक्षीदाराला खोटं पाडण्याचा प्रसंग खरा का, असं विचारलंयस. खरा आहे, पण पडद्यावर घडतो तसा नाही.

जॉन फोर्डनं हा चित्रपट १९३९ साली केला. हेन्री फोंडा आधी तयारच नव्हता. एवढ्या थोर माणसाची भूमिका आपल्याला झेपायची नाही, अशी त्याला धास्ती. तुला राष्ट्राध्यक्ष नाही, गावातला नवशिका वकील व्हायचंय, असं सांगून फोर्डनं त्याला राजी केलं. म्हणूनच तो लिंकन इतका जिवंत वाटतो. पण नायक तरुण दाखवायचा म्हणून त्यातला खुनाचा खटला वीसेक वर्षं मागं ओढला गेला.

प्रत्यक्षात तो मे १८५८ मध्ये बीअर्ड्सटाउनला चालला. लिंकन तेव्हा ४९ वर्षांचा, मुरलेला वकील. आरोपी डफ आर्मस्ट्राँग. चार्ल्स ॲलन शपथेवर सांगत होता, की रात्री अकराच्या सुमारास आपण दीडशे फुटांवरून, लख्ख चांदण्यात डफला घाव घालताना पाहिलं. लिंकननं ते चांदणं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग आल्मनॅक पुढे केलं. चंद्र त्या वेळी मावळतीला आलेला होता! डफ सुटला. साक्षीदारच खुनी निघतो, ती मात्र सिनेमावाल्यांची पदरची भर.

ती मी खुशाल चालवून घेतो. रुखरुख लागते ती हॅनाची, डफच्या आईची. तरुणपणी न्यू सेलम गावात लिंकन कफल्लक होता तेव्हा तिनं त्याला जेवू घातलं, त्याचे कपडे शिवून दिले. तिचा नवरा जॅक कुस्तीत लिंकनशी भिडला आणि पुढे त्याचा जिवाभावाचा दोस्त झाला. विधवा हॅनाकडून लिंकननं एक छदामही घेतला नाही. सिनेमातली आई त्याला फी देते, आणि जुनं ऋण उरतं ते तिच्या गाडीतून मिळालेल्या कायद्याच्या पुस्तकापुरतं. फोर्डला आया किती सुंदर रंगवता येत! खरी हॅना त्याच्या हाती लागायला हवी होती.

यादवी युद्धात डफ आजारी पडला, तेव्हा तिनं पुन्हा लिंकनकडेच शब्द टाकला. १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला सैन्यातून मोकळं करवलं.

बीअर्ड्सटाउनचं ते कोर्ट अजून उभं आहे. तुला फार लांब नाही. जाऊन ये आणि सविस्तर लिही.

तुझा,
काका