चार तासांचं गाव

मैत्रिणींनो, आपण बायका गावोगाव जातो खऱ्या, पण गाव पाहतो का कधी? भाच्याचं लग्न कोल्हापूरला, चुलत सासूबाईंचं ऑपरेशन मिरजेला, नणंदेचं बाळंतपण सोलापूरला. स्टँडवरून रिक्षानं कार्यालयात, कार्यालयातून रिक्षानं स्टँडवर! घरी आल्यावर शेजारीण विचारते, "कसं आहे हो गाव?" आणि आपण सांगतो, "जेवण छान होतं, पण वरणाला मीठ कमी होतं." झालं आपलं प्रवासवर्णन.

माझं गावोगाव जाणं मात्र जरा निराळ्या कारणानं होतं. आमचा नाट्यगीतांचा छोटासा संच आहे. पेटीवाले काका, तबल्याचे दादा, ऑर्गन, निवेदक, गाणारे-बजावणारे धरून अकरा माणसं. त्यांत आम्ही बायका तिघी. मी गाते, आणि कपडेपटही माझ्याच गळ्यात आहे. दौऱ्यावर आमचा दिवस ठरलेला. सकाळी अकराच्या सुमारास गाडी गावात पोचते आणि तीन वाजता नाट्यगृहावर हजर व्हायचं असतं. मधले चार तास आपले. पुरुषमंडळी जेवून ताणून देतात. आम्ही तिघी पिशव्या घेऊन बाहेर पडतो.

चार तासांत काय होणार, म्हणाल. पुष्कळ होतं! आमचा हिशेब असा: एक तास खायचं, एक तास त्या गावच्या हातांची कामगिरी पाहायची, एक तास जुन्या वस्तूंच्या बाजारात धुंडायचं, आणि चौथा तास वाट चुकण्यासाठी राखून ठेवायचा. तो कधीच वाया जात नाही.

कोल्हापूरपासून सुरुवात करू या. तिथं तांबडा-पांढरा रस्सा आहेच, पण गाण्याआधी तो घेण्याची गळ्याची टाप नाही. आम्ही मिसळ खातो. तिथे मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस देतात. कट वेगळा मागायचा आणि बेतानं ओतायचा. रात्री कार्यक्रमाच्या आधी किंवा नंतर जमेल तसं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जावं. तिथे म्हशी रस्त्याकडेला आणून समोर धार काढून देतात. पेल्यातल्या फेसाला मिशी येते, आणि आपल्यालाही!

मग चप्पल लाइन. कोल्हापुरी चप्पल हातांनी शिवलेली असते, आणि तीही दोऱ्यानं नव्हे, कातड्याच्या वादीनं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरला नाही, तर महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कारागिरीला सीमा कुठली? घेताना तळ उलटा करून शिवण पाहावी, आणि पावसात मात्र घालू नये.

कोल्हापुरात गाणाऱ्या माणसाचे पाय आपोआप खासबागेकडे वळतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात कुस्तीच्या मैदानालगत नाट्यगृह बांधलं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. २०२४ सालच्या ८ ऑगस्टच्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत होरपळलं. त्यानंतरच्या दौऱ्यात आम्ही तिथे नुसते जाऊन उभे राहिलो. पेटीवाले काकांनी चपला काढल्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

कोल्हापूरहून मिरज तासा-दीड तासाच्या अंतरावर. मिरज म्हणजे आपल्या मनात दवाखाने. पण त्याच गावात सतारमेकर गल्ली आहे, हे किती जणींना ठाऊक असतं? दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे घडतात. मूळचे हे कारागीर हत्यारं करणाऱ्या शिकलगार घराण्यांतले. तलवारी गेल्या, तारा आल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि १९३७ साली ते गेल्यावर इथल्या दर्ग्यातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. उरुसात तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात.

तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीतला नव्हे बरं का! तो कडू आणि जाड सालीचा असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वाळवावा लागतो, मग त्यावर गळा चढतो. आमच्या संचाचा तंबोरा जुनाच घेतलेला आहे. भोपळ्याला तडा होता. कारागिरानं आतून सांधून दिला आणि घोडीवरची जवारी नव्यानं काढली. आता तो असा बोलतो की नव्यानं लाजावं. वाद्याचं एक बरं असतं. जुनं म्हटलं की त्याचा मान वाढतो. "कुणाचं होतं?" असं लोक आदरानं विचारतात. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिरजेला खेटून सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथेच, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. इथे भडंगाशिवाय पुढे जायचं नाही. टपोरे चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, तिखट. बसमध्ये कितीही हिंदकळलं तरी सांडत नाही, शिळंही होत नाही. वाट चुकायचा तास आम्ही हरिपूरला घालवला. कृष्णा आणि वारणा यांचा तिथे संगम आहे, आणि ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तिथलेच. हरिपूर पेवांसाठीही प्रसिद्ध. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. आपली सांगलीची हळद वर्षानुवर्षं अशा पेवांत टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. तिथे एका आजीबाईंनी आम्हांला ओसरीवर बसवून ताक दिलं आणि वर विचारलं, "तिघीच फिरता? घरचे काय म्हणतात?" मी म्हटलं, "आजी, घरचे तिकडे घोरताहेत." त्या इतक्या हसल्या की पदर सावरावा लागला.

आता सोलापूर. आमच्या दौऱ्याचं खरं बाजारगाव. हुतात्मा स्मृतिमंदिरात कार्यक्रम असला की आधी थोडा वेळ तिथल्या नावामागच्या चौघांना आठवावं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली.

सोलापूरचं खाणं प्रवासी बाईच्या सोयीचं. कडक भाकरी पापडासारखी पातळ, पंधरा दिवस सहज टिकते. जोडीला शेंगाचटणी. ती मिक्सरमध्ये फिरवून जमत नाही. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात कुटत राहायचं, दाण्याला तेल सुटून चटणी ओलसर होईपर्यंत. दही मिळालं की जेवण झालं. तंबोऱ्याला गुंडाळायला आम्ही चादरही सोलापुरीच वापरतो. ही चादर विणणारी कितीतरी पद्मशाली कुटुंबं पिढ्यांपूर्वी तेलंगणातून येऊन इथली झाली. गल्लीतून जाताना तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात.

पण सोलापूरची खरी गोष्ट जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी घडली.

कपडेपट सांभाळणारीला जुने कपडे लागतातच. दिव्यांच्या झोतात नवं सुती लुगडं ताठ उभं राहतं, नेसलेलं न वाटता अडकवल्यासारखं दिसतं. वीस वर्षं धुतलेलं लुगडं मात्र अंगावर पाण्यासारखं उतरतं. ड्रेपरीवाल्याकडे मिळतं ते भडक. म्हणून मी आठवडेबाजाराच्या कडेला बसणाऱ्या बायकांकडे जाते. या म्हणजे आपल्या बोहारणीच. दारोदार भांडी देऊन जुने कपडे नेतात आणि धुऊन, शिवून विकतात.

तिथे मला एक इरकल मिळालं. डाळिंबी रंग, काठ शाबूत, आणि पदराजवळ इतकं बारीक रफू की उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. मावशी म्हणाल्या, "दोनशे." माझ्याबरोबरची मैत्रीण पटकन बोलली, "अहो, तुम्हांला तर एका पातेल्यात सहा मिळतात! पन्नास घ्या."

मावशी चिडल्या नाहीत. बोटं पुढे करून त्यांनी हिशेब मांडला. "ताई, पातेलं दीडशेला माझ्या पदरचं. सहा आले खरे. दोन फाटके, ते चिंध्यांत गेले, गॅरेजवाले किलोवर नेतात. दोन विरलेले, गोधडीवाली नेईल दहा-वीस रुपयांना. राहिले दोन. त्यांना साबण, सुई, दिवसभराचं उन्हातलं फिरणं, एस.टी.चं भाडं. आता तुम्हीच सांगा, पन्नासला देऊ?"

आम्ही तिघी गप्प. मग माझ्या मैत्रिणीनं हळूच विचारलं, "पण मावशी, हे कुणाचं असेल?" तिचा प्रश्न मला कळला. तुम्हांलाही कळला असेल. परक्याचं नेसलेलं लुगडं, गेलेल्या माणसाचं तर नसेल? मावशी म्हणाल्या, "ज्या बाईनं असं रफू केलं, ती वाईट असेल का?"

मी दोनशे दिले. घासाघीस केली नाही.

तंबोऱ्याबद्दल "कुणाचा होता?" हे आपण कौतुकानं विचारतो. लुगड्याबद्दल तोच प्रश्न नाक मुरडून विचारतो. आईच्या जुन्या साडीची गोधडी पांघरून मुलं मोठी होतात, बाळंतविड्याला मऊ जुनं धडोतंच लागतं, आणि बाजारातल्या ढिगाला हात लावायला मात्र लाज! शिवाय तो ढीग येतो कुठून? तुमच्या-माझ्या दारातून. दुपारी बोहारणीशी एका डब्यासाठी आपण अर्धा तास हुज्जत घालतो ना, त्याच अर्ध्या तासाचं पुढचं टोक मी सोलापुरात पाहिलं. तेव्हापासून मी दारात साडी देताना बटणं-हुक तोडून घेत नाही, धुऊन घडी करून देते, आणि "अजून एक वाटी द्या" हे वाक्य गिळते. बोहारणी आता पूर्वीसारख्या येतही नाहीत. आली तर तिला आधी पाणी विचारावं.

जुनं घेणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. कापड उजेडाकडे धरून पाहा. विरलेलं असेल तर जाळी दिसते. दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघा. घरी आणल्यावर वेगळं धुवा, कडक ऊन द्या, रंग जातो का ते आधी एका कोपऱ्यावर पाहा. खरी जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. ती काळवंडली म्हणून काठ कापून फेकू नका, जुनी जर घेणारे असतात. तांब्या-पितळेची भांडी तांबट आळीत मोडीत आलेली मिळतात. पातेल्याचा बूड ठोकून आवाज ऐका, चीर असेल तर आवाज फुटका येतो. आणि कल्हई केल्याखेरीज त्यात आमटी, ताक, चिंचेचं काही करू नका.

तुम्ही म्हणाल, तुमचं बरं आहे, तुम्हांला दौरा आहे. आम्हांला कोण सोडतंय? पण मैत्रिणींनो, लग्नाला तर जाताच ना? सीमांतपूजन संध्याकाळी असतं. सकाळी पोचलात की कार्यालयातल्या गादीवर लोळत मेंदी वाळवण्यापेक्षा एखादी जाऊ बरोबर घ्या. दवाखान्यात असाल, तर दुपारी पेशंटजवळ दुसरं कुणी आलं की दोन तास मागून घ्या. रिक्षावाल्याला मॉल विचारू नका. भाजीवालीला विचारा, "बाई, तुम्ही भूक लागली की कुठं खाता? आणि जुन्याचा बाजार कुठं भरतो?" या दोन प्रश्नांना चुकीचं उत्तर देणारं गाव मला अजून भेटलेलं नाही.

ते डाळिंबी इरकल आता माझ्या अंगावर असतं. मिरजेला कार्यक्रमानंतर एक वयस्क बाई आत आल्या, काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असं लुगडं हल्ली मिळत नाही हो. कुणाचं?"

मी सांगितलं, "एका हुशार बाईचं. नाव ठाऊक नाही, पण रफू पाहा."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.