वारूळ कोणाचं?

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण फुकट्याला टोमणा म्हणून वापरतो. पण तिच्यात दोन जीव आहेत, आणि बोलताना एकच आठवतो. कण कण माती रचून वारूळ उभारते वाळवी. नाग त्यात नुसता शिरतो. तरी नागपंचमीला दूध-लाह्या नागाच्याच नावाने. वाळवीने सोडलेल्या वारुळात नाग शिरला तर त्याचा दोष काय? आणि सोडलंय की नाही, हे बाहेरून ओळखायचं कसं?

कथांच्या वारुळाचंही असंच आहे. विनी द पू हे अस्वल १९२६ साली पुस्तकात अवतरलं, २०२२ साली अमेरिकेत मालकीहक्कातून सुटलं आणि २०२३ मध्ये भयपटात माणसं मारू लागलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण मुंजा, हडळ, वेताळ यांचा लेखकच नाही, मग ती वर्षं मोजायची कुठून? २०२४ च्या 'मुंज्या' चित्रपटाला कोकणातलं भूत पडद्यावर आणताना कुणाची परवानगी लागली नाही. कुणी म्हणेल, लोककथा बदलतच जगते, प्रत्येक सांगणारा आपली भर घालतो. खरं आहे. मात्र त्या सांगणाऱ्यासमोर 'असं नव्हतं बाबा' म्हणणारी एखादी म्हातारी बसलेली असे. चित्रपटगृहाच्या अंधारात ती नसते. पण लगेच दुसरी बाजूही दिसते. बाळंतपणात मेलेल्या बाईची आपण हडळ केली, तेव्हा तिच्या बाजूने कोण बोललं? एखाद्या नव्या दिग्दर्शकाने तिचं दुःख ओळखलं, तर जुन्या सांगणाऱ्यांपेक्षा तोच तिला अधिक न्याय देईल.

म्हणून विचार पोहरादेवीपाशी अडतो. वाशीम जिल्ह्यातल्या या गावी बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे. रामनवमीला देशभरातून बंजारा भाविक येतात. महाराजांच्या आणि देवीच्या कथा गोरबोली या बंजारा बोलीतल्या गाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. उद्या त्यांतलं एखादं पात्र कुणी भयपटासाठी उचललं, तर मालकीहक्काचा कायदा आडवा येणार नाही. यावर बंदी मागावी, असं म्हणवत नाही; बंदीने कथा कपाटात जाते. खुशाल उचलावं, असंही म्हणवत नाही. एवढंच सांगता येतं, की उचलण्याआधी तांड्यावर जाऊन ती कथा तिच्याच बोलीत ऐकावी. पोहरादेवीचं वारूळ रिकामं नाही. तिथे अजून राबता आहे.