तेलाचा काटा

आबांची जीप माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. रोज सकाळी ते पट्टी काढून तेल बघायचे. तरी चालवताना नजर काट्यावर. म्हणायचे, "पट्टी तेल किती हाय ते सांगती. ते इंजनात पोचतंय का, ते काटा सांगतो."

आबा अंथरुणाला खिळले आणि जीप माझ्याकडे आली. ऐन कांद्याच्या दिवसांत काटा खाली यायला लागला. पट्टीवर तेल भरपूर. म्हटलं, काटाच बिघडला असेल. कांद्याला भाव होता. आणखी चार खेपा मारल्या. पाचवीला चढावर इंजिन ठोकायला लागलं.

मिस्त्रीने चेंबर उतरवलं. जाळी गाळाने बुजलेली, पंपाचे गिअर झिजलेले, क्रँकची बेअरिंगं खाल्लेली.

"विहीर भरलेली होती, पण मोटार पाणी उचलत नव्हती," तो म्हणाला. नवा पंप आधी तेलाने भरला, मगच बसवला. कोरडा पंप तेल ओढत नाही.

पंप स्वस्तात झाला. क्रँकच्या कामाला म्हैस विकावी लागली.

घरी आबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "काटा कवा पडला?" एवढंच विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.