आईची शाळा

चि. मंजिरीस,


तू पाठवलेला फोटो मावशीने चष्मा लावून नीट पाहिला. फ्रिजवर चिकटवलेलं वेळापत्रक, सकाळी आठ ते एक, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी, आणि वर लाल स्केचपेनने ‘आईची शाळा’! ओजसला शाळेतून काढलंस याचं वाईट वाटलं नाही. त्याच्या वहीवरचे शेरे मावशीनेही वाचले आहेत. राग आला तो या वेळापत्रकाचा. ज्या शाळेच्या धास्तीने पोराच्या पोटात रोज सकाळी कळ यायची, तीच तू ओट्याशेजारी आणून बसवलीस.

विचारलं होतंस एवढंच, की दहावी एनआयओएसच्या मुक्त विद्यालयातून करावी की बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरावा. अगं, पोरगं नऊ वर्षांचं आहे! दोन्हीकडे चौदा पूर्ण लागतात. एनआयओएसला विषय पाच, निवड आपली, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची मुभा. एकेक विषय सुटा करून देता येतो. सतरा नंबरने बसला तर पेपर राज्य मंडळाचेच, आणि त्याला किमान पाचवी पास लागते. तू तर त्याला चौथीतूनच काढलंस. लिहिण्याशी झगडणाऱ्या मुलाला पहिली वाट सोयीची, असं मावशीचं मत. पण दहावीचं दहावीच्या वेळी. आज त्याला ‘किती’ हा शब्द वाचता येत नाही, त्याचं बोल.

आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि तिचा उच्चार होतो नंतर. रफाराचं उलटं. ‘तर्क’मधला र तोंडातून आधी निघतो आणि जाऊन बसतो ‘क’च्या डोक्यावर. बाकीची मुलं हे कधी शिकली ते त्यांनाही आठवत नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मुळात शब्दातले आवाज सुटे करणंच जड जातं. त्यात आपले एकसारखे दिसणारे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. बुद्धी कमी असते असं मुळीच नाही. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर अशी कोकण रेल्वेची स्टेशनं ओजस न अडखळता म्हणतो, आणि माणगावच्या फलाटावरची पाटी वाचायला सांगितली की घामाघूम होतो. अप्पामामाचंही असंच, त्याला आपल्या वाड्यात काय नाव पडलं होतं ते तुला सांगायला नको. अख्ख्या आळीची घड्याळं दुरुस्त करायचा तो माणूस.

शिकवायची रीत अवघड नाही. ताटात रवा पसरायचा, बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या रंगाने लिहायच्या. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावायची ही पद्धत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत बसवली. आपल्याकडचे विशेष शिक्षकही तिच्याच अंगाने जातात.

पण मंजिरी, हे काम तू करू नकोस. प्रशिक्षित विशेष शिक्षिका आठवड्यातून काही दिवस येऊ दे, नाहीतर तू त्याला तिच्याकडे ने. मावशीने जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं आयुष्य काढलंय, म्हणून हे हट्टाने सांगते आहे. बाईंसमोर चुकलेलं पोर घरी आईकडे येतं. बाईच आई असली तर ते जाणार कुठे? तू फक्त वाचून दाखव. फास्टर फेणे वाच, रेल्वेचं वेळापत्रक वाच, पेपरातली क्रिकेटची बातमी वाच. त्याचं वाचन मागे पडलंय म्हणून शब्दसंपत्ती आणि जगाची माहितीही मागे पडावी, असं कुठे आहे? त्याला कानाने पुढे जाऊ दे. वजाबाकी गाडीच्या वेळांवर शिकव, अपूर्णांक पोळीवर. तारीख टाकून वही भरलीच पाहिजे हे खूळ मात्र सोड. कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, कारण मुलं गुरं सोडून येऊ शकत नव्हती. तुझी शाळा मात्र अजून घंटेवर चालते आहे.

संदीपला कायद्याची काळजी आहे, म्हणालीस. शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने घरी राहून शिकण्याची मुभा आली, ती तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. ओजस त्यात बसत नाही. उलट त्याच कायद्याने चौदा वर्षांपर्यंत त्याला वयाला साजेशा वर्गात कधीही परत घ्यावं लागतं. ही वाट बुजवू नकोस. शाळेशी भांडून निघालीस का? तसं असेल तर दुसरी शाळा बघून ठेव.

आणि डिस्लेक्सियाच्या प्रमाणपत्राचं काय झालं? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांमध्ये डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, पण कागद हातात नसेल तर दहावीला जास्तीचा वेळ नाही, लेखनिक नाही, काही नाही. ते वयाच्या आठ वर्षांनंतर देतात, म्हणजे आता मिळेल. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी आणखी एकदा, आणि तेव्हाचं मग कायमचं. कुठल्याही समुपदेशकाचा कागद चालत नाही, सरकारने नेमलेल्या रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. नंबर लागायला वेळ जातो, तेव्हा याच महिन्यात नाव घाल.

खरी काळजी वेगळीच आहे. दुपारी चारनंतर तो कुणाशी खेळतो? सोसायटीतली मुलं शाळेच्या गप्पा मारत असतील तेव्हा हा काय बोलतो? आणि तू बँकेत राजीनामा दिलास की बिनपगारी रजा घेतलीस? फोनवर विचारलं तर विषय बदललास. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस. तुझ्या आईला यातलं काही कळवलेलं नाही, पण तिने थेट विचारलं तर मावशीला खोटं बोलता येणार नाही.

शाळेच्या दाखल्याच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेव. आणि संदीपला सांग, मूळ दाखला लॅमिनेट करू नकोस.

तुझी,
मावशी