झेंडूवरचे पट्टे

कॅमेरा घ्यायचाय, एवढं जिन्यात बोलायचा अवकाश, बिबवेवाडीत किती फोटोग्राफर राहतात ते कळतं. समोरचे काका म्हणाले, चोवीस मेगापिक्सेलच्या खाली बघूच नका. भाचा म्हणाला, "मावशी, मेगापिक्सेल सोड, सेन्सर बघ." खालच्या मजल्यावरचा कॉलेजकुमार म्हणाला, डीएसएलआर आता कोण घेतं काकू, मिररलेस घ्या. आणि आमच्या ह्यांचं पालुपद, फोनमध्ये आहे की कॅमेरा. गंमत म्हणजे चौघांचंही थोडंथोडं बरोबर होतं, त्यामुळे घोळ वाढतच गेला.

माझी हौस तशी दोनच फोटोंची. मार्केट यार्डाचा फुलबाजार आम्हाला जवळ. दसऱ्याच्या आधी तिथे भल्या पहाटे झेंडूचे ढीग लागतात, ते टिपायचे. आणि तळजाईवर फिरायला गेलं की मोर दिसतात, ते.

एवढ्यात धाकट्या दिरांनी कपाटातला जुना डीएसएलआर आणून दिला. "वहिनी, नुसता पडलाय, तुम्ही वापरा." डोळा लावून बघितलं तर मधोमध एक काळा ठिपका. फोटो काढला, तर फोटोत ठिपका नाही. गच्चीवरून आभाळाचा फोटो काढला, तर कोपऱ्यात भलताच ठिपका, जो बघताना दिसत नव्हता. मला वाटलं, कॅमेऱ्यात भूत आहे. बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्यांनी ते उतरवलं. आपण बघतो ते दृश्य आरशावरून वर काचेत जातं. तिथली धूळ फोटोत येत नाही. फोटो टिपतो मागचा सेन्सर. त्याच्यावर कण असेल तर तो प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो, आणि तोही लेन्सचं भोक बारीक केलं, म्हणजे एफ १६ वगैरे ठेवलं, की ठसठशीत. एफ ४ वर तोच कण जवळजवळ विरून जातो.

मग त्यांनी लेन्स काढली, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मला दुसऱ्या बाजूने बघायला सांगितलं. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरले होते. बुरशी. फोटो धुरकट का येत होते त्याचं उत्तर तिथे होतं. "कातडी केसमध्ये घालून कपाटात ठेवला होता ना, ताई? पावसाळ्याची ओल धरून ठेवते ती केस." साफ होईल, म्हणाले, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग राहतो; आणि साफसफाईच्या पैशात सेकंडहँड १८-५५ लेन्स मिळून जाईल. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढाच पावसाळ्याचा बंदोबस्त त्यांनी सांगितला. तांदळात ठेवायचा सल्ला मला सोसायटीतच मिळाला होता. ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. तांदळाची पूड आत शिरते ती वेगळीच.

लेन्स बदलली, तारखा जुळल्या, दसरा आला. फुलबाजारात हमाल डोक्यावर पोती घेऊन पळत असतात, म्हणून कॅमेरा पळणाऱ्या माणसाच्या खुणेवर ठेवला. फोटो बघते तर काय, झेंडूच्या ढिगावर आडवे काळपट पट्टे. एकात वर, एकात खाली, एकात नाहीतच. बोहनीलाच अपशकुन. दुरुस्तीवाल्यांनी फोटो नुसते पाहिले आणि कॅमेरा परत माझ्याकडे सरकवला. दोष दिव्यांचा होता. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरच्या ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं झटपट उघडमीट करू लागलं, की फोटोचा एक पट्टा तेज क्षणात आणि दुसरा मंद क्षणात टिपला जातो. उपाय फुकटातला. शटर शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवायचं. पट्टे गेले. हमाल थोडे हलले, पण पळणारा माणूस थोडा हललेलाच बरा दिसतो असं माझं मत झालं आहे.

झेंडू मात्र नुसता नारिंगी लगदा येत होता, पाकळी म्हणून दिसेना. भडक रंगात कॅमेऱ्याचा तांबडा हिस्सा आधी भरून वाहतो. उजेडाचं माप उण्याकडे जरासं ढकललं की पाकळ्या सुटतात.

आता निवडीचं. काकांच्या मेगापिक्सेलला मी रजा दिली. भाच्याचा सेन्सर खरा, पण तोही अर्धाच. डीएसएलआरमधला नेहमीचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. लांब झूमच्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ २०१५ च्या निकॉन पी ९०० मध्ये, तो जेमतेम ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळात तेरापट फरक. तरी त्या बारक्या सेन्सरमुळेच २००० मिलिमीटरइतकी पोच हातात धरता येते. तळजाईचा मोर तो भर उन्हात छान टिपेल, पहाटेचा फुलबाजार त्याला जड जाईल. दोन्ही हौशी एकाच कॅमेऱ्यात भागवायच्या तर खिसा फार खोल लागतो. अंधाराला औषध लेन्सचं: एफ ५.६ च्या जागी एफ १.८ ची ५० मिलिमीटरची साधी लेन्स लावली, की जवळजवळ दहापट उजेड आत येतो, आणि नवी घेतली तरी ती दहा हजारांच्या आसपास मिळते. आकडा लहान आणि भोक मोठं, हा उलटा हिशेब कुणी सुरू केला देव जाणे.

मिररलेसवाल्या मुलाचं म्हणणंही खोटं नाही; नवीन पैसे घालायचे असतील तर मोठ्या कंपन्यांचं लक्ष आता तिकडेच आहे. फक्त अंगाच्या किमतीवर भाळू नये, त्याला लागणाऱ्या लेन्सचे भाव आधी विचारावेत. मी दिरांचाच कॅमेरा ठेवला, ५० ची लेन्स घेतली आणि मोरांसाठी दुर्बीण. ह्यांचा फोन घरातल्या बारशांना पुरतो, हेही कबूल.

तुम्ही घ्यायला निघालात तर आपलं मेमरी कार्ड खिशात घालून दुकानात जा. तिथल्याच दिव्यांखाली, तिथल्याच माणसांचे फोटो काढा, घरी मोठ्या पडद्यावर बघा आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या. जुना घेत असाल तर लेन्समधून टॉर्च मारून बघा आणि शटर किती वेळा उडालंय ते विचारा. नवा घेत असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी हातात पडल्याशिवाय दुकानातून हलू नका.