चौदा महिन्यांची सत्ता

जुनी राजवट कोसळलेली आहे आणि नवी अजून लोकांनी निवडून दिलेली नाही, अशा मधल्या काळात राज्याचा गाडा हाकण्यासाठी जो नेमला जातो किंवा स्वतःच पुढे होतो, त्याला संक्रमणकालीन राष्ट्रप्रमुख म्हणतात. या पदाला वारशाचा, निवडणुकीचा किंवा परंपरेचा आधार नसतो. ठरल्या वेळी सत्ता सोडण्याच्या एका वचनावर त्याची सारी वैधता उभी असते. हे वचन नागरी नेत्याने दिले तर ते पाळायला लावणारे कोणीतरी असते. लष्करी अधिकाऱ्याने दिले तर बंदुका त्याच्याच हाती असल्यामुळे ते पाळायचे की मोडायचे हे बहुतांशी त्याच्या विवेकावर येऊन पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतील अनेक सेनाधिकाऱ्यांनी असे वचन दिले आणि थोड्यांनीच ते पाळले. त्या थोड्यांमध्ये मालीच्या अमादू तुमानी तुरे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ठाऊक असलेल्याला मात्र ते घेताना हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

तुरे यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९४८ रोजी नायजर आणि बानी या नद्यांच्या संगमावरील मोप्ती या गावी झाला. शिक्षक होण्यासाठी त्यांनी राजधानी बामाको येथे शिक्षण घेतले होते. परंतु पुढे ते सैन्यात गेले, सोव्हिएत संघात आणि फ्रान्समध्ये त्यांनी छत्रीधारी सैनिकाचे प्रशिक्षण घेतले आणि यथावकाश मालीच्या छत्रीधारी पथकाचे प्रमुख झाले. त्या वेळी देशावर मुसा त्राओरे यांची हुकूमशाही होती. त्राओरे स्वतः १९६८ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष मोदिबो केइता यांना पदच्युत करून सत्तेवर आलेले सैनिक होते आणि त्यांच्या रक्षक दलाचे नेतृत्वही तुरे यांनी केले होते.

मार्च १९९१ मध्ये बामाकोच्या रस्त्यांवर विद्यार्थी, कामगार संघटना आणि मुलांच्या मागोमाग त्यांच्या माता उतरल्या. त्यांची मागणी अनेक पक्षांच्या राजवटीची होती आणि तिला उत्तर गोळीबाराने मिळाले. २२ मार्चपासूनच्या काही दिवसांत शेकडो माणसे मारली गेली. २६ मार्च रोजी तुरे यांनी त्राओरे यांना अटक केली. जनतेवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीचा अंत एका सैनिकाने केला, हे खरे; पण त्याआधी निःशस्त्र माणसांनी रस्त्यावर दिलेल्या प्राणांवाचून तो झाला नसता, हेही तितकेच खरे आहे, आणि तुरे यांच्या पुढील वर्तनावरून त्यांना या ऋणाची जाणीव होती असे म्हणता येते.

जनतेच्या मुक्तीसाठी म्हणून जी संक्रमण समिती त्यांनी स्थापन केली, तिच्यात लष्करी अधिकाऱ्यांबरोबर चळवळीतील नागरी संघटनांचे प्रतिनिधीही होते, आणि पंतप्रधानपदी अर्थतज्ज्ञ सुमाना साको यांना नेमण्यात आले. त्याच वर्षी २९ जुलैपासून १२ ऑगस्टपर्यंत बामाकोत राष्ट्रीय परिषद भरली. राष्ट्रीय परिषद म्हणजे देशातील पक्ष, कामगार संघटना, धर्मसंस्था, शेतकरी, विद्यार्थी आणि स्त्रियांच्या संघटना यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून नव्या राज्यव्यवस्थेचा पाया ठरवण्याची सभा. ही रीत १९९० मध्ये पश्चिम आफ्रिकेतीलच बेनिनने रूढ केली होती. मालीच्या परिषदेने संविधानाचा मसुदा, पक्षांविषयीची सनद आणि निवडणूक कायदा असे तीन दस्तऐवज सिद्ध केले, आणि जानेवारी १९९२ मध्ये सार्वमताने ते संविधान स्वीकारले गेले. लष्करी उठाव हा मालीच्या जनतेविरुद्धचा असा गुन्हा आहे की ज्याच्या खटल्याला कालमर्यादा नाही, असे त्या संविधानात स्पष्ट नोंदवले होते. उठावाने सत्तेवर आलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे कलम लिहिले गेले आणि त्याने ते अडवले नाही, यात त्याच्या हेतूची साक्ष मिळते. एप्रिलमध्ये देशाच्या उत्तरेतील तुआरेग जमातीच्या बंडखोरांशी राष्ट्रीय करार झाला. त्याच महिन्यातील अध्यक्षीय निवडणुकीत तुरे उभे राहिले नाहीत, आणि ८ जून १९९२ रोजी त्यांनी पुरातत्त्व व इतिहास यांचे अभ्यासक असलेले विजयी उमेदवार अल्फा उमर कोनारे यांच्या हाती सत्ता सोपवली. चौदा महिन्यांच्या या कारकिर्दीमुळे लोक त्यांना लोकशाहीचा सैनिक म्हणू लागले.

सत्ता सोडलेल्या सैनिकाने पुढे काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कारण रिकामपण आणि लोकप्रियता एकत्र आली की माणूस पुन्हा राजवाड्याकडे पाहू लागतो. तुरे यांना काम मिळाले ते नारूचे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या प्रयत्नांमुळे ते आफ्रिकेतील नारू निर्मूलनाच्या मोहिमेत सामील झाले. पायऱ्यांच्या विहिरी वापरणाऱ्या महाराष्ट्रातील जुन्या पिढ्यांना हा रोग चांगला परिचयाचा होता. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला. साठलेल्या पाण्यातील बारीक जलकीटकांतून या जंतूची पिले पोटात जातात आणि सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा किंवा त्याहूनही मोठा जंत बहुधा पायावरील फोडातून बाहेर डोकावतो; तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढावा लागतो. त्यावर औषध नाही, लसही नाही. पाणी फडक्याने गाळून पिणे आणि नारू झालेल्या माणसाला पिण्याच्या पाण्यात उतरू न देणे, एवढाच उपाय आहे आणि तो गावोगावी जाऊन समजावून सांगावा लागतो. माजी राष्ट्रप्रमुखाने हे काम करणे, तेही आपल्या देशापुरते न ठेवता इतर फ्रेंचभाषक देशांतही नेणे, ही सत्तात्यागाइतकीच मोठी गोष्ट मानली पाहिजे.

सैन्यातून निवृत्त होऊन २००२ मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले आणि लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. २००७ मध्ये पुन्हा निवडून आले. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते. जवळजवळ सर्व पक्षांना सरकारात सामावून घेण्याचे, म्हणजे सर्वसंमतीचे राजकारण त्यांनी आरंभले, आणि त्यांच्या चुकीचे मूळ नेमके येथे आहे. संक्रमणाच्या काळात सर्वांना एका छताखाली आणणे आवश्यक असते, पण नित्याच्या राज्यकारभारात तीच गोष्ट घातक ठरते. कारण सगळेच सरकारात बसले की सरकारला जाब विचारणारा कोणी उरत नाही, भ्रष्टाचारावर कोणी बोट ठेवत नाही आणि लोकांचा राग संसदेत न पोहोचता रस्त्यावर आणि छावण्यांत साचत जातो. दोन्ही निवडणुकांत निम्म्याहून पुष्कळ कमी मतदारांनी मतदान केले, ही धोक्याची खूण होती. समेट घडवणे हा त्यांच्या स्वभावातला मोठा गुण होता, आणि उत्तरेकडील तुआरेग बंडाच्या प्रश्नातही ते त्याच्यावरच विसंबून राहिले.

लिबियातील गद्दाफींची राजवट २०११ मध्ये कोसळल्यावर तिच्या सैन्यात असलेले तुआरेग सैनिक शस्त्रास्त्रांसह मालीत परतले आणि जानेवारी २०१२ मध्ये नवे बंड सुरू झाले. उत्तरेतील आगेल्होक येथे मालीचे अनेक सैनिक मारले गेले, तेव्हा सैनिकांच्या बायका सरकारविरुद्ध निदर्शने करू लागल्या. पुरेशी शस्त्रे न देता आपल्या माणसांना मरायला पाठवले, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. २१ मार्च रोजी बामाकोजवळच्या काती येथील छावणीतून उठाव सुरू झाला आणि कॅप्टन अमादू सानोगो यांनी सत्ता हाती घेतली. अध्यक्षीय निवडणूक एप्रिलअखेर ठरलेली होती आणि संविधानातील दोन कारकिर्दींच्या मर्यादेमुळे तुरे तिच्यात उमेदवारही नव्हते. महिन्याभरात जो आपणहून जाणार होता, त्याला सैन्याने हाकलले आणि त्याच गोंधळात देशाचा उत्तर भाग हातचा घालवला. ८ एप्रिल रोजी तुरे यांनी राजीनामा दिला आणि ते सेनेगलला गेले. त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला होता. २०१६ मध्ये मालीच्या संसदेने खटला चालवण्यास नकार दिला आणि पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले.

१० नोव्हेंबर २०२० रोजी इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच महिने आधी मालीत आणखी एक उठाव झाला होता, आणि २०२१ पासून जनरल असिमी गोइता हे संक्रमणकालीन अध्यक्ष म्हणून सत्तेवर आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये होणारी निवडणूक झाली नाही आणि पुढे ढकललेलीही झाली नाही. राष्ट्रीय परिषदेतून आलेल्या १९९२ च्या संविधानाची जागा २०२३ मध्ये नव्याने घेतली, मे २०२५ मध्ये सर्व राजकीय पक्ष बरखास्त झाले आणि जुलैमध्ये गोइता यांना निवडणुकीवाचून पाच वर्षांची, पुन्हा वाढवता येणारी मुदत देणारा कायदा संमत झाला.